मादाम क्युरींच्या मागची झाडलोट

आमच्या गावात एस.टी. स्टँडसमोर एक टपरीवजा दुकान आहे. पाटीवर मोठ्या अक्षरात ‘रेडियम’ लिहिलंय. नंबरप्लेटवर चकाकती अक्षरं कापून लावायची, रिक्षाच्या काचेवर ‘आईची कृपा’ लिहून द्यायचं, असली कामं तिथं होतात. आपल्याकडे अंधारात चमकेल ते सगळं रेडियम! खरं तर त्या पट्ट्यांमध्ये रेडियम औषधालासुद्धा नसतं. पण नाव चिकटलं ते चिकटलंच.

गेल्या विज्ञान दिनाला शेजारच्या खेड्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत मला बोलावलं होतं. बचत गटाच्या कामामुळे तिथल्या बाईंची ओळख. मी कला शाखेची, विज्ञानाशी माझा संबंध दहावीतच संपला. म्हटलं, मादाम क्युरींची गोष्ट सांगावी, मुलींना आवडेल. सांगितलीही छान. गरिबी, पॅरिस, पडकी शेड, रात्री निळसर उजळणारं रेडियम, दोन नोबेल. टाळ्या झाल्या. मग सातवीतली एक मुलगी उठली आणि तिनं विचारलं, की त्यांच्या वह्यांना अजून हात लावता येत नाही असं तुम्ही सांगितलंत, तर मग त्यांची प्रयोगशाळा नंतर साफ कोणी केली?

मैत्रिणींनो, मला उत्तर येत नव्हतं. चाळीस वर्षं पार केलेली, रोज घर झाडणारी बाई मी, आणि हा प्रश्न मला कधी पडला नव्हता! घरी आल्यावर वाचायला घेतलं, भाच्याकडून थोडं समजून घेतलं. जे हाती लागलं ते आज तुम्हाला सांगते. मी तिला एकेरीत लिहिणार आहे. राग मानू नका, पण वाचता वाचता ती थोरल्या बहिणीसारखी वाटायला लागली.

मेरीचा जन्म 7 नोव्हेंबर 1867 चा, पोलंडमधल्या वॉर्साचा. माहेरचं नाव मारिया स्क्लोडोव्स्का. पाच भावंडांत शेंडेफळ. तेव्हा पोलंडच्या त्या भागावर रशियाचं राज्य होतं, शाळेत पोलिश शिकवायची चोरी. वडील गणित आणि भौतिकशास्त्राचे शिक्षक, आई मुलींच्या शाळेची मुख्याध्यापिका. थोरली बहीण टायफसनं गेली आणि दोन वर्षांनी आई क्षयानं गेली, तेव्हा मेरी दहा वर्षांची होती.

वॉर्साच्या विद्यापीठात मुलींना प्रवेश नव्हता. बहिणी-बहिणींनी काय करावं? दोघींनी करार केला. आधी ब्रोन्यानं पॅरिसला जाऊन डॉक्टर व्हायचं, मेरीनं नोकरी करून पैसे पाठवायचे. मग ब्रोन्यानं मेरीला बोलवायचं. मेरी एका जमीनदार घराण्यात मुलांना शिकवायला राहिली. फावल्या वेळात गावातल्या शेतकऱ्यांच्या मुलांना चोरून पोलिश वाचायला शिकवायची. पकडली गेली असती तर शिक्षा होती. त्या घरचा थोरला मुलगा तिच्या प्रेमात पडला, पण घरच्यांना शिकवणीवाली सून नको होती. तरी ती तिथंच राहिली, कारण बहिणीला पैसे पाठवायचे होते. हा भाग मी दोनदा वाचला. अपमान गिळून नोकरी टिकवणाऱ्या किती जणी आपल्या आसपास आहेत!

1891 मध्ये ती पॅरिसला पोचली. पुढचं तुम्हाला बहुतेक ठाऊक असेल. माळ्यावरची थंडगार खोली, पाव आणि चहावर काढलेले दिवस. 1893 मध्ये भौतिकशास्त्रात पहिली आली, पुढच्या वर्षी गणितात दुसरी. 1895 मध्ये पिएर क्युरीशी लग्न. लग्नाचा पोशाख गडद निळा घेतला, कारण नंतर प्रयोगशाळेत वापरता येईल! हनिमूनला दोघं सायकलवरून भटकली. 1897 मध्ये इरेन झाली.

एक गंमत मला फार आवडली. स्वयंपाकाचं तिला काही येत नव्हतं. पण शिकायचं ठरवल्यावर ती प्रयोगासारखंच शिकली. पाककृतीच्या पुस्तकाच्या समासात तिनं फळांच्या जेलीची नोंद केली आहे. फळं किती, साखर किती, किती मिनिटं उकळलं, कशातून गाळलं आणि शेवटी 14 बरण्या भरल्या हेसुद्धा. आपण मुरांब्याचं माप ‘अंदाजानं’ सांगतो, तसं नाही.

आता कामाचं. पिचब्लेंड नावाचा काळा, जड दगड असतो, त्यात युरेनियम असतं. मेरीनं मोजून पाहिलं, तर त्यातून येणारे किरण युरेनियमच्या मानानं फारच जास्त. म्हणजे आत आणखी काहीतरी दडलंय. 1898 च्या जुलैत नवराबायकोनं पोलोनियम जाहीर केलं, आपल्या पारतंत्र्यातल्या देशाच्या नावावरून. डिसेंबरात रेडियम. पण जगाला डोळ्यांनी दाखवायचं तर ते वेगळं काढायला हवं. बोहेमियातल्या योआखिमस्थालच्या खाणीत युरेनियम काढून घेतल्यावर उरलेला गाळ टाकून दिलेला होता. तो पोत्यांतून आला, तपकिरी, झाडांच्या काड्या-पानं मिसळलेला. गळक्या शेडमध्ये मेरी एका वेळी वीस-वीस किलो माल मोठ्या कढईत उकळायची आणि जवळजवळ स्वतःच्या उंचीच्या लोखंडी सळईनं ढवळत राहायची. लग्नघरातल्या आचाऱ्याला घाम फुटेल असं काम! टनावारी गाळ उपसल्यावर 1902 मध्ये हातात काय आलं? एक दशांश ग्रॅम. चिमूटभरही नाही.

आणि इथंच त्या मुलीच्या प्रश्नाची सुरुवात आहे. टनभरातून दशांश ग्रॅम निघालं, बाकीचं गेलं कुठं? वाफ, धूळ, सांडलेलं पाणी, गाळणीची फडकी, उरलेला चोथा. त्याचा विचार तेव्हा कोणी करत नव्हतं. करणार तरी कसा? या किरणांनी शरीराचं काय होतं हेच कुणाला माहीत नव्हतं. पिएरनं मुद्दाम दंडाला रेडियम बांधून पाहिलं, जखम झाली. त्यावरून गाठी जाळायला याचा उपयोग होईल हे सुचलं, कॅन्सरवरच्या उपचाराची वाट निघाली. हातांची बोटं सोलवटायची, दोघं सतत थकलेली असायची. रात्री मात्र शेडमध्ये जाऊन ते मंद उजळणाऱ्या नळ्या बघत बसायची. 1903 मध्ये तिला पाचव्या महिन्यात गर्भपात झाला. तिनं दोष दिला तो स्वतःच्या दगदगीला. त्याच वर्षी डॉक्टरेट मिळाली आणि बेकेरेल व पिएरबरोबर भौतिकशास्त्राचं नोबेल.

रेडियम काढायच्या पद्धतीचं पेटंट त्यांनी घेतलं नाही. विज्ञान सगळ्यांचं, असा विचार. शाळेत हे सांगताना माझा ऊर भरून आला होता. पण आता वाटतं, त्याची दुसरी बाजूही बघायला हवी. पद्धत खुली झाली आणि कारखाने निघाले. पॅरिसजवळ नोजां-सुर-मार्न इथं 1904 मध्ये रेडियमचा कारखाना उभा राहिला, मग जीफ-सुर-इव्हेतला. सोन्यापेक्षा कितीतरी महाग वस्तू ती, धंदा जोरात! तिशीच्या दशकात फ्रान्समध्ये ‘थो-रेडिया’ नावाचं चेहऱ्याला लावायचं क्रीम निघालं, त्यात खरंच रेडियम आणि थोरियम असायचं. ते काढणाऱ्यांत एक डॉक्टर होते, आडनाव क्युरी. मेरीच्या घराण्याशी त्यांचं काही नातं नव्हतं. गोरं दिसण्यापायी आपण काय काय चोपडतो, तेव्हा हसू नका त्यांना.

पिएर 19 एप्रिल 1906 ला पावसात रस्ता ओलांडताना घोडागाडीखाली सापडला आणि जागीच गेला. धाकटी एव्ह दीड वर्षांचीही नव्हती. सरकारनं पेन्शन देऊ केली ती मेरीनं नाकारली आणि नवऱ्याच्या जागी शिकवायला उभी राहिली. सोरबोनमध्ये शिकवणारी पहिली बाई. 1911 मध्ये रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, पण त्याच वर्षी एका सहकाऱ्याशी तिचं नाव जोडून वर्तमानपत्रांनी तिला इतकं फाडलं की घराबाहेर लोक जमून ओरडत होते. नोबेल घ्यायला येऊ नका, असंही सुचवण्यात आलं. ती गेली, घेऊन आली. पहिल्या महायुद्धात एक्स-रेच्या गाड्या घेऊन जखमी सैनिकांपर्यंत पोचली, दीडशेच्या आसपास बायकांना तिनं ते काम शिकवलं. इरेन सतरा-अठरा वर्षांची, तीही बरोबर.

1921 मध्ये अमेरिकेतल्या बायकांनी वर्गणी काढून तिला एक ग्रॅम रेडियम दिलं. किंमत एक लाख डॉलर. आदल्या रात्री तिनं वकिलाला बोलावून कागद बदलून घेतला, की हे माझं नाही, प्रयोगशाळेचं. माझ्या पश्चात मुलींचा वाद नको. व्यवहाराला चोख बाई होती.

आणि त्याच अमेरिकेत, त्याच वर्षांत, न्यू जर्सीच्या ऑरेंज गावात पोरी घड्याळाच्या तबकड्यांवर रेडियमचा रंग लावत होत्या. अंधारात काटे दिसावेत म्हणून. कुंचल्याला टोक यावं म्हणून तो ओठांत धरायचा, असं त्यांना शिकवलेलं. दिवसातून कितीतरी वेळा. मग दात गळायला लागले, जबडे सडले. त्यातल्या पाच जणींनी कोर्टात दावा लावला, 1928 मध्ये तडजोड झाली. आजारी पडलेल्या बायकांची बातमी मेरीपर्यंत पोचली होती. स्वतःच्या प्रयोगशाळेतल्या लोकांची ती रक्ततपासणी करवून घ्यायची, शिशाच्या आडोशामागून काम करायला लावायची. स्वतः मात्र फारसं पाळायची नाही. मोकळ्या हवेत फिरलं की बरं वाटतं, यावर तिचा विश्वास. डोळ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशनं झाली, कानांत घणघण. रेडियमनं हे झालंय, हे तोंडानं म्हणायला ती तयार नसायची. मला तिचा थोडा रागही येतो इथं. पण ज्या गोष्टीसाठी तारुण्य उकळत्या कढईपाशी घालवलं, तिला वाईट कसं म्हणावं? आपल्यालाही पोटच्या पोराचे दोष सगळ्यात शेवटी दिसतात.

4 जुलै 1934 ला डोंगरातल्या एका आरोग्यधामात ती गेली. हाडांच्या मगजात रक्त तयार होणंच थांबलं होतं. 66 वर्षांची होती. मुलगी इरेनला पुढच्या वर्षी नोबेल मिळालं, आणि 1956 मध्ये तीही रक्ताच्या कॅन्सरनं गेली. एव्ह प्रयोगशाळेच्या वाटेला गेली नाही. ती 102 वर्षं जगली.

आता त्या मुलीचं उत्तर.

रेडियमचं एक लक्षण आहे. आज एक ग्रॅम असेल तर त्याचं अर्धा ग्रॅम व्हायला 1600 वर्षं लागतात. पुढच्या 1600 वर्षांनी पाव. ज्ञानेश्वरी लिहून झाली त्याला अजून साडेसातशे वर्षंही झालेली नाहीत, म्हणजे बघा! जाळून, धुऊन, उन्हात वाळवून ते संपत नाही. जिथं पडलंय तिथून उचलून दुसरीकडे नेता येतं, एवढंच. शिवाय त्यातून रेडॉन नावाचा वायू झिरपत राहतो. दिसत नाही, वास येत नाही, बंद खोलीत साठतो आणि फुप्फुसाला बाधतो.

मेरीची पॅरिसमधली प्रयोगशाळा तिच्यानंतर इरेन आणि जावई यांनी वापरली. 1981 मध्ये तिथली रेडियमची घाण काढली, तेव्हा कुठं लोकांना बघण्यासारखी झाली. आज तिथं संग्रहालय आहे. तिच्या वह्या फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयात शिशाचं अस्तर लावलेल्या पेट्यांत आहेत.

पॅरिसची जागा अपुरी पडली म्हणून तिशीच्या दशकात तिच्याच पुढाकारानं गावाबाहेर आर्क्यूई इथं दुसरी जागा झाली, टनावारी खनिजावर काम करायला. ती सत्तरीच्या दशकाच्या अखेरीपर्यंत वापरात होती. मग बंद. भोवती वस्ती वाढली आणि मधोमध ही बंद वास्तू, भिंतीवर काटेरी तार, कॅमेरे. तिथली सफाई एकदोन वर्षांत उरकण्यासारखी नाही, पिढी जाईल इतकी लांबलेली आहे.

सफाई म्हणजे काय करतात? माझा भाचा म्हणाला, तुझ्या दिवाळीच्या सफाईसारखीच, फक्त उलटी. आपण धूळ उडवतो, तिथं कणभर उडू द्यायची नाही. पांढरे डगले, तोंडाला मास्क. हातातलं मोजायचं यंत्र भिंतीवरून, जमिनीवरून, नळाच्या तोंडाशी वीत-वीत फिरवायचं. जिथं आकडा वाढला तिथं खूण. मग गिलावा खरवडायचा, फरशी उखडायची, सांडपाण्याचे पाइप काढायचे, खालची माती खणायची, पुन्हा मोजायचं. आकडा उतरेपर्यंत खणतच राहायचं. निघालेलं सगळं, माणसांच्या हातमोज्यांसकट, ड्रममध्ये बंद करून त्यावर नोंद. खड्ड्यात नवी माती. जिथं पुरतं काढता येत नाही तिथं वर जाड थर घालायचा, हवा खेळती ठेवायची, आणि कागदोपत्री लिहून ठेवायचं की इथं विहीर खणू नका, घर बांधू नका.

हे लिहून ठेवणं किती महत्त्वाचं, ते नोजांच्या गोष्टीवरून कळतं. तो 1904 चा कारखाना कधीचाच बंद झाला. लोक विसरले. त्या जागेवर शाळा बांधली, लहान मुलांची. नाव काय ठेवलं असेल? मेरी क्युरी! वर्षानुवर्षं पोरं तिथं खेळली, शिकली. जमिनीतून रेडॉन येतोय हे कळून 1998 मध्ये शाळा बंद करावी लागली, पुढे पाडली आणि माती उपसली. हे वाचून मी पुस्तक मिटलं आणि उठून अंगणात जाऊन उभी राहिले. त्या मुलांच्या आयांचं काय झालं असेल? मूल साधं खोकलं तरी मनात काय येत असेल? जीफलाही जुन्या कारखान्याच्या जमिनीवर घरं झाली आणि परसातल्या मातीत रेडियम सापडलं. न्यू जर्सीत तर कारखान्याचा चोथा भराव म्हणून वापरला होता. शेकडो घरांची अंगणं खणून माती काढावी लागली, 1980 च्या दशकात सुरू झालेलं हे काम 2000 नंतरही चालू होतं.

2010 मध्ये फ्रेंच सरकारनं जिथं जिथं पूर्वी रेडियमचं काम झालं होतं अशा जागांची यादी काढून घरोघरी फुकट तपासणी सुरू केली. सापडलं तर सफाईचा खर्च सरकारचा. लोक दार उघडायला कचरायचे म्हणे. घराची किंमत जाईल ही भीती! आपल्याकडे तरी वेगळं काय झालं असतं? आणि हे निघालेले ड्रम? ते जपून ठेवलेत, पण अशा लांब आयुष्याच्या कचऱ्यासाठी फ्रान्सची कायमची जागा अजून तयार झालेली नाही.

त्याच 2010 मध्ये आपल्या दिल्लीत मायापुरीच्या भंगार बाजारात एक जुनं यंत्र आलं होतं. एका विद्यापीठात वर्षानुवर्षं नुसतं पडून होतं, लिलावात भंगार म्हणून विकलं गेलं. आत कोबाल्ट होतं, कारागिरांनी ते हातानं फोडलं. एक जण गेला, बाकीचे दवाखान्यात. ते रेडियम नव्हतं, पण आत काय आहे हे कुणी नीट लिहून ठेवलं नाही, कुणी बघितलं नाही, तेच.

1995 मध्ये मेरी आणि पिएरच्या शवपेट्या उकरून पॅरिसच्या पाँतेआँमध्ये नेल्या. देशातल्या थोरांची जागा ती. स्वतःच्या कर्तृत्वावर तिथं गेलेली ती पहिली बाई. उकरताना यंत्र लावून मोजलं. तिची पेटी शिशाच्या अस्तराची निघाली आणि किरण भीती वाटावी इतके नव्हते. त्यावरून तज्ज्ञांनी असं मत दिलं, की तिचा आजार बहुधा रेडियमपेक्षा युद्धातल्या उघड्या एक्स-रे यंत्रांमुळे जडला असावा. म्हणजे सैनिकांच्या पायातल्या गोळ्या शोधताना.

मी पुन्हा त्या शाळेत गेले आणि हे सगळं त्या मुलीला सांगितलं. तिनं ड्रमचं ऐकून लगेच पुढचा प्रश्न विचारला, तो म्हणजे त्या ड्रमवरची अक्षरं 1600 वर्षांनी वाचता येतील का. त्याचंही उत्तर मला येत नाही.

जाता जाता एक. आमच्या सासऱ्यांचं जुनं परदेशी मनगटी घड्याळ कपाटात आहे, साठ-सत्तर वर्षांपूर्वीचं, हिरवट काट्यांचं. आता उजळत नाही. भाचा म्हणाला, रंग थकला म्हणून उजळत नाही, आत रेडियम असेल तर ते तसंच आहे. काच शाबूत असेल आणि घड्याळ नुसतं ठेवलेलं असेल तर घाबरायचं कारण नाही. पण काच काढू नका, काटे खरवडू नका, मुलांना खेळायला देऊ नका, आणि दुरुस्तीला द्यायचं झालंच तर घड्याळवाल्याला आधी सांगा. असलं काही घरात असेल आणि शंका वाटली, तर देशात यावर देखरेख करणारं अणुऊर्जा नियामक मंडळ आपल्या मुंबईतच आहे, त्यांना पत्र लिहून विचारता येतं. मी घड्याळ प्लास्टिकच्या पिशवीत घालून वरच्या फळीवर ठेवलंय. पिशवीवर चिठ्ठी लावली आहे, मराठीतच, ठळक अक्षरात.